अजून न झालेलं नुकसान कसं मोजायचं: मोटार अपघातातल्या जखमींच्या दाव्याची आकडेमोड

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जखमी माणसाचा अर्ज चालतो, तेव्हा दवाखान्याच्या बिलांवर फार वाद होत नाही. मूळ बिलं असली आणि ती सिद्ध झाली की रक्कम मिळते. खरा वाद पुढच्या नुकसानाचा असतो. आज 34 वर्षांचा असलेला वेल्डर उरलेल्या आयुष्यात किती कमी कमावणार, त्याच्या पायावर आणखी किती खर्च होणार, हे कोणाच्याच डोळ्यांसमोर नसतं. ते आकड्यांनीच दाखवावं लागतं, आणि तेही एकदाच. अंतिम निवाडा झाल्यावर 'खर्च वाढला, आणखी द्या' म्हणून पुन्हा येण्याची सोय मोटार वाहन कायद्यात नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2002 मध्ये नागप्पा विरुद्ध गुरुदयाल सिंग या निकालात हे स्पष्ट केलं. मागितलेल्या रकमेपेक्षा जास्त भरपाई देता येते, हेही त्याच निकालात आहे. तरी जे मागितलंच नाही आणि ज्याचा पुरावाच नाही ते मिळण्याची आशा धरू नये.

वकिलीत नव्याने आलेल्यांसाठी आणि घरच्या माणसाचा दावा नेमका कशावर उभा आहे हे समजून घेणाऱ्यांसाठी ही मांडणी आहे. सगळं गणित एका ओळीत मावतं:

वार्षिक उत्पन्न × भावी वाढ × कमाईची क्षमता किती टक्के गेली × गुणक

यातला गुणक, म्हणजे वर्षाच्या नुकसानाला ज्याने गुणायचं तो आकडा, वयावरून ठरतो. वाढ वय आणि नोकरीचा प्रकार यांवरून ठरते. दोन्हींचे तक्ते सर्वोच्च न्यायालयाने घालून दिले आहेत, त्यामुळे तिथे वादाला जागा थोडी. उरतात उत्पन्न आणि टक्केवारी. दाव्याची रक्कम दुप्पट होते किंवा निम्म्यावर येते ती याच दोन आकड्यांमुळे. तरीही बऱ्याच फायलींत गुणकावरच्या निकालांच्या पंधरा प्रती जोडलेल्या असतात आणि टक्केवारीसाठी अपंगत्वाचं जेमतेम एक प्रमाणपत्र असतं. मेहनतीची वाटणी नेमकी उलटी हवी.

पायरी 1: वय पक्कं करा

वय अपघाताच्या दिवशीचं धरायचं. शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला मिळवा. आधार कार्डावर विसंबू नका. सरोज विरुद्ध इफ्को टोकियो या प्रकरणात आधारप्रमाणे वय 47 येत होतं आणि शाळेच्या दाखल्याप्रमाणे 45. गुणक एकाने 13 येतो, दुसऱ्याने 14. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, असं म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये दाखल्यावरचं वय धरलं. ग्रामीण भागात आधारवर '1 जानेवारी' किंवा '1 जून' अशी अंदाजे टाकलेली तारीख सर्रास दिसते. ती तशीच अर्जात उतरवली तर पुढे उलटतपासणीत अडचण होते.

पायरी 2: गुणक बघा, आणि त्याच्या पोटात काय आहे तेही बघा

सरला वर्मा विरुद्ध दिल्ली परिवहन महामंडळ (2009) या निकालातला तक्ता असा:

15 ते 25 वर्षे: 18
26 ते 30: 17
31 ते 35: 16
36 ते 40: 15
41 ते 45: 14
46 ते 50: 13
51 ते 55: 11
56 ते 60: 9
61 ते 65: 7
65 च्या पुढे: 5

25 वर्षांच्या माणसाची कमाईची 35–40 वर्षं उरलेली असताना गुणक 18 च का, हा प्रश्न प्रत्येक पक्षकार विचारतो. त्याला नीट उत्तर द्या. पुढे वर्षावर्षाने येणारे पैसे आज एकरकमी हातात पडतात आणि त्यावर व्याज मिळतं. त्यामुळे पुढच्या वर्षांची आजची किंमत कमी भरते. शिवाय प्रत्येक जण निवृत्तीपर्यंत जगतोच किंवा कमावतोच असं नाही, हेही त्यात धरलेलं असतं.

एक्सेलमध्ये 'पीव्ही' हे सूत्र वापरून हे स्वतः पडताळून पाहा. निव्वळ व्याज 5 टक्के आणि कमाई वयाच्या 70 पर्यंत, असं धरा. वय 25 असेल तर 45 वर्षांची आजची किंमत दरवर्षीच्या 1 रुपयाला 17.8 रुपये येते. वय 30 ला 17.2, 35 ला 16.4, 40 ला 15.4, 45 ला 14.1, 50 ला 12.5. हे आकडे तक्त्याशेजारी ठेवले तर जवळजवळ तेच दिसतात. पुढे 55 ला 10.4 येतात, तक्त्यात 11 आहेत. 60 ला 7.7 येतात, तक्त्यात 9 आहेत. म्हणजे उतारवयात तक्ता थोडा सैल हाताने देतो. निकालात हे गणित या शब्दांत मांडलेलं नाही, पण तक्ता कसा वागतो हे त्यावरून कळतं.

याचा व्यवहारात दोन ठिकाणी उपयोग होतो. समोरचा वकील म्हणतो, 'एकरकमी मिळतंय, म्हणून आणखी काही टक्के कापा.' ती कापणी गुणकात आधीच झालेली आहे, दुसऱ्यांदा करता येत नाही. आणि तो म्हणतो, 'हे 58 ला निवृत्त होणार, तिथपर्यंत पूर्ण पगार धरा आणि पुढे निम्मा.' असा तुकड्या-तुकड्यांचा गुणक विशेष कारण आणि पुरावा असल्याखेरीज लावू नये, असं पुट्टम्मा विरुद्ध नारायण रेड्डी (2013) या निकालात सांगितलं आहे.

ज्यांचे नातेवाईक इंग्लंडमध्ये जखमी झाले आहेत त्यांनी हा तक्ता तिकडे नेऊ नये. तिथे 1984 पासून सरकारी विमागणितज्ञांचे 'ऑग्डेन तक्ते' वापरतात. त्यांत स्त्री-पुरुष वेगळे, निवृत्तीची वयं वेगळी, शिक्षण आणि आधीची नोकरी यांनुसार सुधारणा वेगळी. व्याजाचा दर सरकार जाहीर करतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये तो 11 जानेवारी 2025 पासून अधिक 0.5 टक्का आहे, त्याआधी उणे 0.25 टक्का होता. इतक्या कमी दरामुळे तिथले गुणक आपल्यापेक्षा कितीतरी मोठे येतात.

पायरी 3: उत्पन्न

नोकरदारासाठी पगारपत्रकं, फॉर्म 16, बँकेचा उतारा आणि मालकाकडचा साक्षीदार लागतो. पगारपत्रक नुसतं जोडून भागत नाही. मनुष्यबळ विभागातल्या कोणीतरी पगार नोंदवही घेऊन यावं आणि सांगावं की हे आमचंच आहे. एकूण पगारातून प्राप्तिकर आणि व्यवसाय कर वजा होतो. भविष्य निर्वाह निधी, विम्याचा हप्ता, पतसंस्थेच्या कर्जाचा हप्ता वजा होत नाहीत, कारण ते त्याचेच पैसे. हातात पडणाऱ्या रकमेवरच गणित करून अर्जदाराचं नुकसान झाल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

धंदेवाईकाची विवरणपत्रं निदान तीन वर्षांची घ्या. इथे सरासरी जपून वापरायची. समजा तीन वर्षांचं उत्पन्न 3,60,000, 1,50,000 आणि 3,90,000 आहे. सरासरी 3,00,000 येते. पण मधलं वर्ष टाळेबंदीचं असेल तर ती सरासरी त्या माणसाच्या नेहमीच्या कमाईबद्दल काहीच सांगत नाही. तीन आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घेतला तर 3,60,000 येतो, आणि तोच वस्तुस्थितीला धरून आहे. न्यायाधिकरणापुढे 'मध्यक' हा शब्द वापरायची गरज नाही. ते वर्ष वेगळं का होतं ते जीएसटीच्या विवरणपत्रांनी किंवा बँकेतल्या उलाढालीने दाखवा आणि बाकीच्या दोन वर्षांवर बोट ठेवा. अपघातानंतर भरलेल्या विवरणपत्राकडे संशयाने बघितलं जातं, त्यावर एकट्यावर दावा उभा करू नका.

कागदच नसेल तर किमान वेतन हा तळ. महाराष्ट्रात ते उद्योग, परिमंडळ आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल या वर्गाप्रमाणे बदलतं, आणि विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी नव्याने जाहीर होतो. अपघात ज्या सहामाहीत झाला त्याच सहामाहीचा भत्ता लावा. दोन चुका इथे वारंवार दिसतात: मूळ वेतन घेतलं आणि विशेष भत्ता विसरला, किंवा गवंडी, वेल्डर, ड्रायव्हर यांना अकुशल ठरवून टाकलं. परवाना, आयटीआयचं प्रमाणपत्र, ठेकेदाराचा जबाब यांतलं काहीही वर्ग वर नेतं. लहान मुलांच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने 2025 च्या निकालांत कुशल कामगाराचं किमान वेतन धरलं आहे. जुन्या पद्धतीने वर्षाला ठोक काही हजार मागू नका.

घर सांभाळणाऱ्या बाईचं उत्पन्न शून्य नसतं. 2021 च्या कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीचा आधार घेतला. घरच्यांसाठी विनामोबदला घरकामात बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ 299 मिनिटं, पुरुषांचा 97. आकडेवारीचा असा थेट उपयोग आपल्याकडच्या निकालांत क्वचित दिसतो, म्हणून तो निकाल मुळातून वाचावा. अशा दाव्यात बाई अपघाताआधी काय काय करत होती याची तासावार यादी शपथपत्रात घाला. शेतावरचं काम आणि जनावरांचं काम त्यात वेगळं दाखवा, कारण त्या कामाला गावात मजुरीचा दर असतो.

पायरी 4: भावी वाढ

नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध प्रणय सेठी (31 ऑक्टोबर 2017) या घटनापीठाच्या निकालाप्रमाणे कायम नोकरी असेल तर 40 च्या आत 50 टक्के, 40 ते 50 मध्ये 30 टक्के, 50 ते 60 मध्ये 15 टक्के वाढ. स्वतःचा धंदा किंवा ठरावीक पगार असेल तर हेच आकडे 40, 25 आणि 10.

विमा कंपनी म्हणेल की प्रणय सेठी मृत्यूचं प्रकरण होतं, जखमींना वाढ लागू नाही. त्यावर पप्पू देव यादव विरुद्ध नरेश कुमार (2020) हा निकाल द्या. हात गमावलेल्या डेटा एंट्री ऑपरेटरच्या त्या प्रकरणात जखमींनाही भावी वाढ मिळते, हे स्पष्ट झालं आहे. मात्र ही वाढ घेतल्यावर 'दरवर्षी पगार 5 टक्क्यांनी वाढला असता' असा वेगळा तक्ता जोडू नका. एकच गोष्ट दोनदा मागितल्यासारखं होतं आणि बाकीच्या आकड्यांवरचा विश्वासही जातो.

मृत्यूच्या दाव्यात स्वतःच्या खर्चासाठी तिसरा किंवा चौथा हिस्सा कापतात. जखमीच्या दाव्यात ही कपात नाही. माणूस जिवंत आहे आणि त्याचा खर्च चालूच आहे. मृत्यूच्या दाव्याचा जुना मसुदा उघडून त्यात नाव बदलल्यामुळे ही कपात चुकून शिल्लक राहते. दाखल करण्याआधी तेवढं एकदा बघून घ्या.

पायरी 5: टक्केवारी, म्हणजे दाव्याचा गाभा

प्रमाणपत्रावरची टक्केवारी शरीराची असते आणि आपल्याला कमाईची हवी असते. राजकुमार विरुद्ध अजय कुमार (2010) या निकालात याचा क्रम सांगितला आहे. आधी बघा, जखमी माणूस आता कोणती कामं करू शकतो आणि कोणती नाही. मग बघा, अपघाताआधी तो काय करत होता. आणि शेवटी ठरवा, तो कमाईला पूर्ण मुकला, तेच काम कमी प्रमाणात करू शकतो, की दुसरं हलकं काम करू शकतो. त्याच प्रकरणात एका पायाचं अपंगत्व 45 टक्के होतं, पूर्ण शरीराचं 22–23 टक्के, आणि न्यायालयाने कमाईचं नुकसान 20 टक्के धरलं. याच्या उलट मोहन सोनी विरुद्ध राम अवतार तोमर (2012) मध्ये पाय गमावलेल्या हातगाडीवाल्याचं कमाईचं नुकसान 90 टक्के धरलं गेलं. पाय गमावलेला कारकून असता तर आकडा फार वेगळा आला असता.

प्रमाणपत्र वाचताना तीन गोष्टी तपासा.

पहिली: टक्केवारी अवयवाची आहे की पूर्ण शरीराची? 'उजव्या पायाचं 50 टक्के' हे वाक्य पूर्ण शरीराचं 50 टक्के समजून अर्जात लिहिलं, की उलटतपासणीत डॉक्टर एका वाक्यात 25 वर येतात.

दुसरी: दोन अवयव जखमी असतील तर टक्के सरळ मिळवायचे नाहीत. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांतलं सूत्र अ + ब × (90 − अ) ÷ 90 असं आहे, आणि त्यात 'अ' म्हणजे मोठा आकडा. 40 आणि 20 यांचे 60 होत नाहीत, सुमारे 51 होतात.

तिसरी: अपंगत्व कायम आहे की तात्पुरतं? पुनर्तपासणीची तारीख लिहिलेली असेल तर साक्षीआधी नवं प्रमाणपत्र काढा. तात्पुरत्या अपंगत्वावर गुणक चालत नाही.

डॉक्टरला साक्षीला बोलवावंच लागतं. प्रमाणपत्र वैद्यकीय बोर्डाने दिलं असलं तरी कमाईवरचा परिणाम कोणीतरी सांगायला हवा. त्यासाठी उपचार करणारे डॉक्टर सर्वांत चांगले. त्यांना 'किती टक्के?' एवढंच विचारू नका. गुडघा किती अंशांत वाकतो, उकिडवं बसता येतं का, किती वेळ उभं राहता येतं, शिडी चढता येते का, किती वजन उचलावं, हे विचारा. ही उत्तरं पुढच्या तक्त्यात बसवायची आहेत.

तो तक्ता म्हणजे कामाच्या तासांची मांडणी. समजा, शिरोली एमआयडीसीतल्या कारखान्यातला वेल्डर, वय 34, ठरावीक पगार 18,000, ओव्हरटाइम धरून दिवस 10 तासांचा. उजवा गुडघा आता पुरेसा वाकत नाही, पायात प्लेट आहे. मालकाच्या किंवा सुपरवायझरच्या जबाबातून त्याचा दिवस असा निघाला:

टेबलाशी उभं राहून वेल्डिंग: 4 तास
बसून ग्राइंडिंग आणि फिटिंग: 2 तास
उकिडवं बसून जमिनीलगतचं वेल्डिंग: 2 तास
शिडीवर किंवा मचाणावर: 1 तास
सिलिंडर आणि जड जॉब हलवणं: 1 तास

डॉक्टरांच्या उत्तरांप्रमाणे शेवटची तीन कामं गेली. म्हणजे 10 पैकी 4 तास, 40 टक्के. प्रमाणपत्रातले अवयवाचे 50 आणि शरीराचे 25 या दोन्हींपेक्षा हा आकडा वेगळा आहे आणि तो कशातून आला हे ओळीओळीने दाखवता येतं. न्यायाधिकरण तो जसाच्या तसा घेईलच असं नाही. पण 'अंदाजे 40' म्हणणाऱ्या अर्जापेक्षा हा अर्ज जास्त टिकतो.

या पद्धतीच्या मर्यादाही ओळखा. सगळे तास सारख्या मोलाचे नसतात. मचाणावरच्या तासाला जादा दर मिळत असेल तर पगाराच्या हिशेबात तो तास जड भरतो. उभं राहून 4 तास काम 'करता येतं' म्हणताना डॉक्टर सलग 30 मिनिटांच्या वर उभं राहू नका म्हणत असतील, तर ते 4 तास पूर्ण धरू नका. आणि मालकाने कामावरून काढलं असेल तर तासांचा हिशेब पुरत नाही. अशा गुडघ्याच्या वेल्डरला दुसरा कारखाना घेईल का, कोणत्या पगारावर, हा प्रश्न येतो. कामावरून कमी केल्याचं पत्र आणि अपघातानंतरचे बँक उतारे तेव्हा तक्त्यापेक्षा मोलाचे ठरतात.

उलट बाजूही प्रामाणिकपणे बघावी. सरकारी कर्मचारी त्याच पदावर, त्याच पगारावर परतला असेल तर कमाईचं नुकसान जवळपास शून्य धरलं जातं, शरीराची टक्केवारी कितीही असो. तिथे बुडालेली बढती किंवा बंद झालेला भत्ता कागदांनी सिद्ध होत असेल तर तेवढंच मागा. बाकी भरपाई सुखसोयी हिरावल्याच्या सदराखाली मिळते.

पायरी 6: गुणाकार, आणि प्रत्येक आकड्याची किंमत

18,000 × 12 = 2,16,000
40 टक्के वाढीसह: 3,02,400
40 टक्के नुकसान: वर्षाला 1,20,960
गुणक 16: एकूण 19,35,360 रुपये

आता हेच गणित एकेक आकडा हलवून पुन्हा करा. टक्केवारीतला प्रत्येक एक टक्का इथे 48,384 रुपयांचा आहे. शरीराचे 25 टक्केच धरले गेले तर रक्कम 12,09,600 वर येते, म्हणजे सात लाखांहून जास्त फरक. महिन्याच्या पगारातले 1,000 रुपये 1,07,520 रुपयांचे आहेत. वय 36 ठरलं तर गुणक 15 होऊन 1,20,960 कमी होतात. डॉक्टरची साक्ष चुकवून कोणाचं किती नुकसान होतं, ते या आकड्यांत दिसतं.

लोकअदालतीत जाण्याआधी तीन रकाने तयार ठेवा. पहिल्यात समोरच्याला मान्य होतील असे आकडे (15,000 पगार, 25 टक्के: 10,08,000), मधल्यात आपले सिद्ध होणारे, तिसऱ्यात सगळं आपल्या बाजूने लागलं तरचे (20,000 पगार, 50 टक्के: 26,88,000). विमा कंपनीची तडजोडीची रक्कम पहिल्या रकान्याच्याही खाली असेल तर ती का नाकारायची हे पक्षकाराला समजावता येतं. मधल्याच्या जवळ असेल तर काही वर्षांचा विलंब आणि अपील यांचाही विचार करायला सांगावं.

पायरी 7: पुढचा उपचार, साधनं आणि सोबतीचा माणूस

कमाई निवृत्तीला थांबते, कृत्रिम पाय मात्र मरेपर्यंत लागतो. म्हणून इथे कमाईच्या गुणकापेक्षा आयुर्मान महत्त्वाचं. भारताच्या महानिबंधक कार्यालयाचे नमुना नोंदणी पद्धतीवरचे आयुर्मान तक्ते राज्यवार, स्त्री-पुरुष आणि शहरी-ग्रामीण असे वेगळे मिळतात. नवखा माणूस इथे हमखास चुकतो: तो जन्मवेळचं आयुर्मान, म्हणजे 2016–20 साठी देशाचं 70 वर्षं, घेतो आणि त्यातून चालू वय वजा करतो. जन्मवेळच्या आकड्यात बालमृत्यूही धरलेले असतात. 34 पर्यंत पोचलेल्या माणसाला त्याच्या वयोगटापुढचा रकाना लावायचा, आणि तो वजाबाकीपेक्षा जास्त वर्षं देतो. विमाधारकांच्या आयुर्मानाचे तक्ते वेगळे असतात. विमा घेणारी माणसं सरासरीपेक्षा जास्त जगतात, म्हणून ते इथे लावू नयेत.

समजा तक्त्यातून 40 वर्षं निघाली. कृत्रिम पाय 1,20,000 चा, दर 5 वर्षांनी बदलायचा. पहिला धरून 8 पाय, सरळ बेरीज 9,60,000. व्याज आणि भाववाढ यांतला फरक 2 टक्के धरला तर आजची किंमत सुमारे 6,96,000. 5 टक्के धरला तर 4,75,600. एवढी तफावत नुसत्या दराने पडते. अशा साधनांचे भाव व्याजदराच्या जवळपास वाढत राहिले तर फरक शून्याकडे जातो आणि सरळ बेरीजच खरी ठरते. म्हणून मागणी सरळ बेरजेची करा आणि 2 टक्क्यांचं गणित आधाराला ठेवा. किंमत, आयुष्य आणि देखभालीचा खर्च तीन ओळींत वेगळे लिहिलेलं दरपत्रक पाय बसवणाऱ्या केंद्राकडून घ्या. नुसता 'भावी उपचार: 5 लाख' असा आकडा अर्जात लिहिला तर तो अंदाजानेच कापला जातो.

प्लेट काढण्याची शस्त्रक्रिया एकदाच होणार असेल तर तिला गुणक लावायचा नाही, डॉक्टरचा अंदाज जोडायचा. भावी उपचाराच्या रकमेवर अनेक न्यायाधिकरणं व्याज देत नाहीत, कारण तो खर्च अजून झालेला नाही. व्याजाचा हिशेब करताना ती रक्कम वेगळी ठेवा.

सोबतीच्या माणसासाठी काजल विरुद्ध जगदीश चंद (2020) हा निकाल आधाराला घ्या. बारा वर्षांच्या मुलीसाठी दोन मदतनीस, प्रत्येकी महिन्याला 5,000 म्हणजे दोघांचे 10,000 रुपये, त्याला 12 आणि 18 ने गुणून 21,60,000 रुपये दिले गेले. ठोक रकमेऐवजी गुणक लावणं योग्य, असं न्यायालयाने तिथे सांगितलं. आपल्या दाव्यात आजचा दर घ्या, आणि आई किंवा बायकोच सांभाळते म्हणून हे सदर सोडून देऊ नका. तिचे तासही श्रमाचेच आहेत, आणि तिने नोकरी सोडली असेल तर त्याचाही कागद जोडा.

मेंदूच्या किंवा मणक्याच्या दुखापतीत समोरून युक्तिवाद येतो की हा माणूस फार वर्षं जगणार नाही, म्हणून खर्च कमी धरा. सरासरी तक्ता एकट्या माणसाबद्दल काही सांगत नाही, हे खरं. पण आयुष्य किती घटलं हे सांगण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्याची आहे. त्यांचा डॉक्टर साक्षीला आला तर त्याला विचारा: घट किती वर्षांची, कशावरून, आणि नीट सोबत आणि उपचार मिळाले तर किती? आयुष्य घटलं हे सिद्धच झालं, तर आयुर्मान घटल्याची भरपाई हे वेगळं सदर उघडतं.

वेदना आणि सुखसोयींच्या सदरांना आकडेवारी लागत नाही. एवढंच लक्षात असू द्या की कमाईचं नुकसान 100 टक्के मिळालं तर सुखसोयींची रक्कम माफक ठेवली जाते.

दाखल करताना

2019 च्या दुरुस्तीने कलम 166 मध्ये सहा महिन्यांची मुदत आली, ती 1 एप्रिल 2022 पासून लागू आहे. अपंगत्वाचं प्रमाणपत्र तोवर मिळत नाही, कारण हाड जुळून स्थिती स्थिर व्हावी लागते. म्हणून प्रमाणपत्राची वाट बघत थांबू नका. हाताशी असलेल्या कागदांवर अर्ज मुदतीत दाखल करा, टक्केवारी 'नंतर सिद्ध करू' असं नमूद करा, आणि प्रमाणपत्र आल्यावर अर्जात दुरुस्ती मागा. दावा अपघात झाला तिथे, अर्जदार राहतो तिथे किंवा प्रतिवादी राहतो तिथे चालतो. चालता न येणाऱ्या माणसासाठी घराजवळचं न्यायाधिकरण निवडा. हिशेबाचं पान अर्जाला वेगळं परिशिष्ट म्हणून जोडा आणि प्रत्येक आकड्यासमोर तो सिद्ध करणाऱ्या कागदाचा निशाणी क्रमांक लिहा. ज्या आकड्यासमोरची जागा रिकामी राहील, तिथला साक्षीदार किंवा कागद पुढच्या तारखेच्या आत मिळवा.